नव्या पुस्तकांचे ‘स्वागत’ आणि समीक्षेची माघार

१

मराठीत आज प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथांविषयी जे काही लिहिले जाते, त्याचा फार मोठा भाग ‘परिचय’, ‘दखल’, ‘स्वागत’ किंवा ‘नवी पुस्तके’ अशा मथळ्यांखाली येतो. या मजकुराची एक ठरीव घडण आहे. एका चौकटीत चार-सहा ग्रंथ, प्रत्येकाच्या वाट्याला शंभर-सव्वाशे शब्द, मुखपृष्ठाचे लहानसे चित्र, पृष्ठसंख्या, मूल्य, आणि अखेरीस पुस्तक ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ किंवा ‘प्रेरणादायी’ असल्याचा निर्वाळा. एक आत्मकथन, यशाचा मार्ग दाखविणारे एखादे भाषांतर, एक कादंबरी आणि एक बालकथासंग्रह अशी चार पुस्तके या चौकटीत शेजारी शेजारी बसविलेली असतात. त्यांना एकत्र आणणारे सूत्र एकच असते : ती नवी आहेत.

ही चौकट केवळ माहिती देते, तेव्हा तिच्यावर टीका करणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकावर टीका करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. ही चौकट माहिती देण्याच्या निमित्ताने मूल्यमापन करते, आणि ते करताना चार भिन्न वाङ्मयप्रकारांना एकच कसोटी लावते. ती कसोटी व्यक्तिमत्त्वविकासाच्या, म्हणजे ज्यांना बाजारात सर्रास ‘सेल्फ-हेल्प’ म्हटले जाते त्या, पुस्तकांची आहे. याची जबाबदारी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ज्या जागेवर समीक्षा असावयास हवी होती ती जागा विद्यापीठीय समीक्षेने आपण होऊन रिकामी केली, आणि त्या रिकाम्या जागेत हा निर्वाळा येऊन बसला.

२

नोंद आणि समीक्षा या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दोहोंची मराठीतील परंपरा थोर आहे. ज्या ठाण्यातील वर्तकनगरात बसून हे लिहीत आहे, त्याच ठाण्यात १८९३ मध्ये केवळ मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. जे जे मराठीत छापले गेले ते ते जतन करावे, ही त्यामागील भूमिका. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची याच वृत्तीचा पुढचा आविष्कार होय. १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची नोंद करताना दात्यांनी थोर ग्रंथ आणि क्षुद्र ग्रंथ असा भेद केला नाही. सूचिकाराने तो करावयाचाही नसतो. निवड न करणे हेच त्याचे व्रत असते.

परंतु ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले, हेही ध्यानात घ्यावयास हवे. संग्राहक म्हणून ज्यांनी सर्व ग्रंथांना दार उघडे ठेवले, त्यांनीच इतिहासकार म्हणून निवड केली, क्रम लावला, मते दिली आणि ती मते खोडून काढण्याची सोय वाचकासाठी ठेवली. एकाच व्यक्तीने दोन्ही कामे केली. त्यांची सरमिसळ मात्र केली नाही. ‘विविधज्ञानविस्तारा’च्या १८६७ ते १९३७ या प्रदीर्घ आयुष्यात ग्रंथपरीक्षण ही गंभीरपणे करावयाची गोष्ट मानली गेली. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तील अनेक निर्णय आज आपणांस एकांगी, प्रसंगी अन्याय्यही वाटतात, पण ते अन्याय्य आहेत हे आपण दाखवू शकतो, कारण त्यामागील युक्तिवाद तेथे लिहिलेला आहे.

आजचे ‘स्वागत’ या दोहोंपैकी काहीच नाही. ते शेकडो पुस्तकांतून चार निवडते, म्हणून ती सूची नव्हे; निवडीचे कारण सांगत नाही, म्हणून ती समीक्षाही नव्हे. ज्या निर्णयाचे कारण दिलेले नाही त्याचे खंडनही करता येत नाही, आणि ज्याचे खंडन करता येत नाही ते विधान वाङ्मयीन चर्चेच्या कक्षेतच येत नाही. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाच्या उंबरठ्यावरील मजकुराचा, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ इत्यादींचा, स्वतंत्र विचार केला. संहितेचा स्वीकार कसा व्हावा हे हा मजकूर सुचवीत असतो. मराठी ‘परिचय’ बहुधा मलपृष्ठावरील मजकुराचाच संक्षेप असतो. याचा अर्थ असा, की उंबरठ्यावरचा मजकूर उचलून तो घरातील वृत्तान्त म्हणून सांगितला जातो.

३

‘प्रेरणादायी’ हा शब्द आता तपासून पाहू. हा शब्द पुस्तकाविषयी काही सांगत नाही. वाचल्यानंतर वाचकाने काय करावे याविषयी तो सांगतो. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकाला हा निकष लावणे योग्यच आहे, कारण त्या पुस्तकाचे वचनच ते असते. डेल कार्नेगी यांचे १९३६ चे आणि नेपोलियन हिल यांचे १९३७ चे पुस्तक येथपासून रॉबर्ट कियोसाकी (१९९७), शिव खेरा (१९९८), रॉन्डा बर्न (२००६) आणि जेम्स क्लिअर (२०१८) यांच्यापर्यंत या प्रकाराने वाचकाशी केलेला करार सरळ आहे : हे वाच, याप्रमाणे वाग, तुझे भले होईल. त्या कराराची पूर्तता होते की नाही हा वेगळा प्रश्न. प्रश्न आहे तो हाच करार इतर तीन प्रकारांवर लादला जातो त्याचा.

आत्मकथनाचा करार निराळा असतो. फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये मांडल्याप्रमाणे लेखक, निवेदक आणि नायक ही एकच व्यक्ती आहे याची हमी हा त्या कराराचा गाभा होय. वाचकाचे भले होईल असे वचन त्यात नाही; ‘हे मी आहे’ एवढीच ग्वाही आहे. मराठीतील श्रेष्ठ आत्मकथनांनी ही ग्वाहीसुद्धा सरळपणे दिली नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. नाव एकाचे, जगणे एकाचे, आणि तरी सांगणारा व ऐकणारा असे दोघे. शिकून, लिहून, नागर समाजात वावरू लागलेल्या माणसाला आपल्याच भूतकाळाशी परक्यासारखे बोलावे लागते, हे या रचनेतून व्यक्त होते. ‘संघर्षातून यशाकडे नेणारी प्रेरणादायी कहाणी’ असे म्हटले की हा दुभंग पुसला जातो आणि दगडूचा फक्त दया पवार होतो. दलित आत्मकथनांनी मराठी समाजापुढे ठेवलेला आरोप अशा रीतीने आरोपीच्याच सांत्वनाचे साधन बनतो. ज्या व्यवस्थेने माणसाला छळले, तीच आता त्या माणसाच्या जिद्दीचे कौतुक करून मोकळी होते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चेही असेच. या ग्रंथातील ‘मी’ स्वतःला हसू शकते, आणि हा हास्याचा गुण यशोगाथेला परवडणारा नाही. यशोगाथेतील ‘मी’ आरंभी दीन असू शकतो, हास्यास्पद असू शकत नाही. ‘अग्निपंख’च्या अपूर्व लोकप्रियतेनंतर आत्मकथन म्हणजे आरोहणाची कथा ही समजूत मराठी वाचकवर्गात अधिकच रुजली. यात कलामांचा दोष नाही. एका प्रकारच्या आत्मकथनाला सर्व आत्मकथनांचा मानदंड ठरविणाऱ्या समीक्षकशून्य वातावरणाचा तो दोष आहे.

कादंबरीच्या बाबतीत हा निकष हास्यास्पद ठरतो. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकावयास जातो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परततो. ही कादंबरी आज नव्याने प्रसिद्ध झाली असती तर ‘स्वागता’च्या चौकटीत तिच्याविषयी काय लिहिले गेले असते, याची कल्पना करून पाहावी. नंदा खरे यांची ‘उद्या’ निकटच्या भविष्यातील, पाळतीने आणि भांडवलाने व्यापलेला समाज उभा करते. ती कोणालाही धीर देत नाही. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. त्यानंतर नकाराची जितकी चर्चा झाली तितकी कादंबरीच्या रचनेची झाली नाही. ज्या कादंबऱ्यांना ‘प्रेरणादायी’ म्हणता येत नाही त्यांना चौकटीत ‘अंतर्मुख करणारी’ म्हणतात. हा त्याच निकषाचा सौम्य अवतार होय : येथेही पुस्तकाचे वर्णन टाळून वाचकावरील परिणामाचेच भाकीत केले जाते.

बालकथेच्या वाट्याला ‘संस्कारक्षम’ हे विशेषण येते. मराठी बालवाङ्मयाचा आरंभच नीतिबोधाच्या हेतूने झाला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ ची. तेव्हा ही जुनी सवय आहे हे खरे. पण मधल्या दोन शतकांत बालवाङ्मय जेथे पोहोचले त्याची नोंद या विशेषणात नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलांना वळण लावण्यासाठी अवतरला नव्हता. २०१४ मध्ये साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ या मालिकांत रोजच्या घरातले, वरवर पाहता फारसे काही न घडणारे प्रसंग आहेत. त्यांचा आनंद चित्र आणि शब्द यांच्या परस्परसंबंधात आहे. बालसाहित्य मुलांसाठी असते पण ते लिहितात, छापतात आणि विकत घेतात ती मोठी माणसे, या अवघड नात्याकडे जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये लक्ष वेधले. ‘संस्कारक्षम’ हा शब्द पैसे देणाऱ्या पालकाला उद्देशून असतो. मूल त्या संवादात कोठेच नसते.

४

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. वाङ्मयप्रकारांच्या भिंती इतक्या पक्क्या असतात काय? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे (१९३५) उदाहरण घ्या. ते आत्मकथन आहे, कथा आहे, मुलांच्या हाती दिले जाणारे पुस्तक आहे आणि चार पिढ्यांनी ते स्वतःला सुधारण्यासाठी वाचले आहे. चारही प्रकार येथे एका ग्रंथात नांदतात. मग एका चौकटीत ते आले तर बिघडले कोठे?

हा आक्षेप मोलाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातूनच समीक्षेचे काम स्पष्ट होते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना एकेका रात्री आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे तेथे श्रोते आहेत, सांगणे सामुदायिक आहे. आईचा चांगुलपणा तिला कोणतेही यश मिळवून देत नाही. ती कर्जाच्या, अपमानाच्या आणि आजाराच्या ओझ्याखाली मरते. चांगले वागल्याने भले होते, असे हे पुस्तक कोठेही सांगत नाही. चांगुलपणाची किंमत मोजावी लागते आणि ती मोजूनही तो सोडावयाचा नसतो, एवढेच ते सांगते. याच्याशी मतभेद असू शकतो. या आईच्या सोशिकपणाची स्त्रीवादी चिकित्साही होऊ शकते, व्हावयास हवी. परंतु त्या पुस्तकाचे बोधप्रधान असणे आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकाचे बोधप्रधान असणे यांत मूलगामी भेद आहे. एकात सद्गुण हे साध्य आहे, दुसऱ्यात सवय हे साधन आहे. चार प्रकारांची सरमिसळ करणारे पुस्तक समोर आले की हा भेद उकलून दाखवावा लागतो. ‘स्वागता’ची चौकट मात्र भेद उकलत नाही, तो नाहीसा करते.

५

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हा प्राध्यापकांना झोंबणारा आहे. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांना नाके मुरडणे ही सुस्थित वर्गाची चैन आहे, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. वर्तकनगर म्हणजे मुळात गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींचा भाग. एका बाजूला वागळे इस्टेट, दुसऱ्या बाजूला पोखरण रस्ता. गेल्या काही दशकांत या पट्ट्यातील अनेक कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे व व्यापारी संकुले उभी राहिली. ज्या घरात बापाला कामगार संघटना, पाळी आणि बोनस ही भाषा ठाऊक होती, त्या घरातील मुलाला मुलाखत, संवादकौशल्य आणि ‘टार्गेट’ ही भाषा शिकावी लागली. ती त्याला महाविद्यालयातील मराठीच्या तासाने शिकविली नाही. तो ती पदपथावर, फलाटावर किंवा वाचनालयात मिळणाऱ्या भाषांतरित पुस्तकातून शिकला. या वाचकाला भाबडा म्हणणे हे त्याच्या परिस्थितीविषयीचे अज्ञान होय.

पण नेमके याच कारणाने ही पुस्तके गंभीरपणे वाचली गेली पाहिजेत. त्यांची मराठी पाहा. वाक्यामागून वाक्य ‘तुम्ही’ने सुरू होते, क्रियापदे आज्ञार्थी किंवा भविष्यकाळी, भूतकाळ येतो तो थोर पुरुषाच्या दाखल्यापुरता. ‘आम्ही’ हे सर्वनाम जवळजवळ आढळत नाही. मराठीत उपदेशपर लेखनाची वाण नव्हती. ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणे वाचताना श्रोता एका समुदायात बसलेला असतो, मूर्खपणा हा चारचौघांत वागण्याचा प्रश्न असतो. नव्या पुस्तकातील ‘तुम्ही’ एकटा आहे. त्याची नोकरी गेली तर कारण त्याच्या सवयीत शोधावयाचे. कारखाना, धोरण, जमिनीचा भाव यांचा उल्लेख तेथे येत नाही. मिशेल फूको यांनी अखेरच्या काळात ‘स्व’ घडविण्याच्या तंत्रांचा विचार केला, तो या व्याकरणाच्या विश्लेषणाला उपयोगी पडणारा आहे. मराठी विभागांत फूको शिकविला जातो. परंतु त्याच्या साहाय्याने फलाटावरचे मराठी पुस्तक वाचण्याचा प्रयत्न क्वचितच होतो.

याला कारण आपल्या सौंदर्यशास्त्रीय वारशातही आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) लयतत्त्वाची जी मांडणी केली तिने मराठी समीक्षेला काटेकोरपणा दिला, पण त्याचबरोबर जे शुद्ध कलाकृती नाही ते समीक्षेचा विषय नाही, अशी समजूतही त्या प्रभावाखाली बळावली. दलित आत्मकथनांनी सत्तरीच्या दशकाअखेरीस ही समजूत मोडली. शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७८) या ग्रंथाने साहित्यमूल्य आणि जीवनमूल्य यांच्या संबंधाची चर्चा पुन्हा उभी केली. एवढे होऊनही ‘हे साहित्य नाही’ असे म्हणून पुस्तक बाजूला सारण्याची सवय सुटलेली नाही. आणि ज्याला आपण साहित्य मानत नाही त्याचीच मूल्ये मागील दाराने साहित्यात येऊन बसली आहेत.

६

समीक्षेच्या माघारीचे परिणाम केवळ वाङ्मयीन नसतात. ६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. त्यांत कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातील आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाचा समावेश होता. १२ डिसेंबरला शासनाने तो पुरस्कार रद्द केला आणि निवड करणारी समितीही बरखास्त केली. त्याच्या निषेधार्थ काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले, काहींनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले. ते योग्यच होते.

परंतु त्या आठवड्यात माझ्या वाचनात आलेल्या मजकुरात वाद होता तो लेखकाच्या राजकारणाचा. हे आत्मकथन कसे आहे, त्यातील ‘मी’ आपल्या भूतकाळाकडे चिकित्सकपणे पाहतो की नाही, अनुवादिकेने इंग्रजीतील राजकीय परिभाषा मराठीत कशी आणली, हे प्रश्न बाजूलाच राहिले. पुरस्कार अनुवादाला होता आणि अनुवादाविषयी कोणी बोलत नव्हते. एखाद्या ग्रंथावर आधीच चार गंभीर, परस्परविरोधी परीक्षणे उपलब्ध असतील तर सत्तेला तो रद्द करता येत नाही असे नव्हे. पण तसे करताना तिला त्या परीक्षणांना ओलांडून जावे लागते. जेथे ग्रंथाचे केवळ ‘स्वागत’ झालेले असते तेथे धिक्कारही तितक्याच स्वस्तात होतो. कारणावाचून केलेली स्तुती आणि कारणावाचून केलेली बंदी यांचे व्याकरण एकच आहे.

७

मग आम्ही विद्यापीठीय समीक्षक काय करीत होतो? संशोधनलेख लिहीत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील गुणांकनाच्या कोष्टकात संशोधनलेख, ग्रंथ, प्रकरण आणि भाषांतर यांना रकाने आहेत; ग्रंथपरीक्षणाला नाही. त्यानंतर आलेल्या ‘यूजीसी-केअर’ सूचीने नियतकालिकांची प्रतवारी ठरविली, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती सूची मागेही घेतली. या काळात मराठीच्या अध्यापकाने नुकत्याच आलेल्या कादंबरीचे परीक्षण लिहिले तर त्याच्या बढतीत त्याचा उपयोग नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीवर, आधी झालेल्या विवेचनाच्या आधारे, पुन्हा एक लेख लिहिला तर होता. मेलेल्या निर्णयांची उजळणी सुरक्षित आणि जिवंत पुस्तकाविषयीचा निर्णय धोक्याचा, अशी ही व्यवस्था. तिला दोष देणे रास्त आहे. परंतु ‘विविधज्ञानविस्तारा’त परीक्षणे लिहिणाऱ्यांना कोणते गुणांकन मिळत होते?

दोन मराठी साहित्य संमेलने याच परिसरात झाली. २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत. डोंबिवलीच्या संमेलनाचे अध्यक्ष अक्षयकुमार काळे हे तर समीक्षक. पण संमेलन संपले की ग्रंथदालनात किती लाखांची वा कोटींची विक्री झाली याचीच चर्चा होते. कोणते पुस्तक का वाचावे आणि कोणते का वाचू नये याविषयीचा एकही मतभेद त्यातून हाती लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तो प्राचीनतेचा गौरव आहे. एखादी भाषा आजच्या ग्रंथांविषयी कारणे देऊन भांडू शकते की नाही, हे मात्र कोणताही दर्जा ठरवू शकत नाही.

म्हणून तीन मागण्या. पहिली, पदव्युत्तर वर्गाला एक काम सक्तीचे असावे : गेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या, ज्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही अशा मराठी पुस्तकाचे परीक्षण. ते पुस्तक आत्मकथन असो, भाषांतरित व्यक्तिमत्त्वविकास असो, कादंबरी असो वा बालकथा. विद्यार्थ्याने आधी ते कोणता करार करते हे सांगावे आणि मग तो पाळला गेला की नाही ते दाखवावे. आधार घ्यावयास कोणाचे मत नसल्याने त्याला स्वतःचे मत बनवावे लागेल. दुसरी, समीक्षेच्या नियतकालिकांनी ‘परिचय’ छापणे बंद करावे. जागा अपुरी असेल तर पुस्तकांची निव्वळ सूची द्यावी, दात्यांच्या शिस्तीने, विशेषणांवाचून. आणि त्यांतील एकाच पुस्तकाचे सविस्तर परीक्षण द्यावे. तिसरी, ‘प्रेरणादायी’, ‘संस्कारक्षम’ आणि ‘अंतर्मुख करणारी’ ही तीन विशेषणे परीक्षणातून काढून टाकावीत. ती काढल्यावर मजकुरात काही उरत नसेल, तर तेथे परीक्षण नव्हतेच हे लिहिणाऱ्याच्या आणि संपादकाच्या वेळीच लक्षात येईल.

या मागण्यांना ना शासनाचे अनुदान लागते, ना आयोगाची संमती. मराठी विभागांनी आणि नियतकालिकांनी ठरविले तर येत्या सत्रापासून त्यांची अंमलबजावणी होऊ शकते. तसे झाले नाही तर त्याचा दोष वाचकाला, बाजाराला वा रविवार पुरवणीला देण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही.